माश्या मारत नाही बसलाय, माश्या बांधतोय

पत्र आलंय पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गहून, एका आईचं. थोडं कापून देतोय.

"काका, मुलगा १० वर्षांचा आहे, पाचवीत. जानेवारीत लायब्ररीत कुणीतरी फ्लाय टाइंगचा, म्हणजे गळावर दोरे-पिसं बांधून माशांसाठी खोटे किडे बनवायचा, क्लास घेतला, तेव्हापासून आमच्या डायनिंग टेबलवर नुसते दोरे आणि गळ. मार्चच्या मध्यावर शाळेचा फंडरेझर आहे आणि ह्याने मला न विचारता टीचरना सांगून टाकलं की मी २०० फ्लाय बनवून विकणार, तेही सहा प्रकारच्या. आत्तापर्यंत ९ झाल्यात. नवरा म्हणतो त्यापेक्षा वडापावचा स्टॉल लावू. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात पोरगं दिवसभर माश्या मारत बसतं. आमचं घर शाकाहारी, पिसं बघून मलाही कसंतरीच होतं, त्यात हा तलावाकाठची पिसं खिशात भरून आणतो. त्याला नाही म्हणू का? आणि नाही म्हणायचं नसेल तर नक्की काय बनवायचं, कितीला विकायचं?"

ताई, मुलाला नाही म्हणू नका. २०० ला मात्र नाही म्हणा, आणि ते आजच म्हणा, कारण टीचरना आज सांगितलं तर त्या हसून सोडून देतील आणि फंडरेझरच्या आदल्या रात्री सांगितलं तर तुम्ही दोघं नवरा-बायको पहाटे दोनला टेबलावर बसून गळाला दोरा गुंडाळत असाल. हे मी अनुभवाने बोलतोय, त्याचं पुढे सांगतो.

आधी साधं गणित करा. दहा वर्षांचं पोरगं नवीन आहे, एका फ्लायला त्याला १० मिनिटं धरा (दोरा तुटला, शेनील उलटं गुंडाळलं, कात्री सापडत नाहीये, हे सगळं धरून). २०० गुणिले १० म्हणजे २००० मिनिटं, म्हणजे ३३ तास. तुमच्याकडे राहिलेत सहा आठवडे. शनिवार-रविवार मिळून बारा बैठका, आणि एका बैठकीत पाऊण तासाच्या वर त्याचे डोळे आणि मान टिकणार नाही, टिकली तरी टिकवू नका. झाले ९ तास, त्यात होतात ५४. आत्ताच्या ९ मधल्या निम्म्या फेकाव्या लागतील हे धरून चला, शेवटी शेवटी त्याचा हात बसेल तेव्हा स्पीड वाढेल ते वेगळं, तर आकडा ६०. टीचरना सांगा ६०, आणि एकच प्रकार. सहा प्रकार अजिबात नको.

एकच प्रकार का तर ऐका. आमची लेक सहावीत असताना आम्ही हाच उद्योग केला होता, मीच जास्त उत्साही, तिचं आपलं बाबा म्हणतायत तर करूया. सात प्रकार काढले. प्रत्येक प्रकाराचा गळ वेगळा, दोरा वेगळा, सामान वेगळं, आणि मुलीचा हात एका प्रकाराला बसायच्या आत मी तिला दुसऱ्यावर ढकलायचो. १५० केल्या, त्यातल्या ४० पण नसतील विकल्या गेल्या. ते ठीक आहे, पण एक आजोबा आठवड्याने परत भेटले आणि काही न बोलता एक फ्लाय माझ्या हातात ठेवली, बघतो तर गळाचं नेढं ग्लूने गच्च भरलेलं, त्यातून लाइन, म्हणजे मासेमारीची दोरी, जाणार कुठून? त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, आणि तेच जास्त लागलं मला. उरलेल्या अजून गॅरेजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात आहेत.

तर काय बनवायचं. डोळे मिटून ग्रीन वीनी. आपल्या पेनसिल्व्हेनियाचीच फ्लाय आहे, बघणाऱ्याला हसू येईल इतकी साधी, पोपटी हिरव्या रंगाचं शेनील गळावर गुंडाळलेलं, बास. शेनील म्हणजे ते मखमली दोरा असतो ना, लोकरीच्या दुकानात मिळतो तसा, पण बारीक. झाडावरून धाग्याला लटकून खाली येणारी हिरवी अळी असते, मे-जूनमध्ये तुमच्याही डोक्यावर पडली असेल, ती पाण्यात पडली की ट्राउट मासा गपकन खातो, तिची ही नक्कल. पण गंमत अशी की अळीचा सीझन नसतानाही, एप्रिलमध्ये ओढ्यात सोडलेले हॅचरीतले (पाळून वाढवलेले) मासे हिच्यावर येतात. का येतात ते माशांनाच विचारा, माझ्या मते नवीन जागी आलेला मासा जे ठळक दिसेल ते चाखून बघतो, हात नसतात त्याला, तोंडानेच चाचपणार.

आणि तुमच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे हिच्यात एकही पीस नाही. शेनील रेयॉनचं असतं. सामान शंभर टक्के शाकाहारी! हेतू शाकाहारी नाहीये हे मी मालवणचा माणूस तुम्हाला कशाला सांगू, पण इथले बरेच फ्लायवाले मासा पकडून परत सोडतात, तुमच्या जवळच बॉइलिंग स्प्रिंग्जला यलो ब्रीचेस नावाच्या ओढ्यावर तर एका पट्ट्यात सोडावाच लागतो, तसा नियमच आहे. सासूबाईंना हे सांगून बघा. माझी आजी असती तर म्हणाली असती, मेल्यांनो मासो धरतास आणि सोडतास, मग गेलास कित्याक. असो.

आता बांधायचं कसं. लायब्ररीत शिकवलं असेलच पण क्लासमध्ये एका तासात सगळं उरकतात म्हणून जिथे चुकतं तेवढं सांगतो. गळ १० नंबरचा, लांब दांडीचा. नंबर जितका मोठा तितका गळ लहान हे त्याला माहीत असेल, तुम्हाला ऑर्डर करताना उपयोगी पडेल, नाहीतर २० नंबर मोठा असेल म्हणून मागवाल आणि मुंगीएवढे गळ घरी येतील. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, बार्ब, तो, गळ व्हाइसमध्ये (गळ घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) लावायच्या आधी, बारीक पकडीने दाबून सपाट करायचा, आधी, नंतर नाही. कधीकधी दाबताना टोकच तुटतं, ते फ्लाय पूर्ण झाल्यावर तुटलं तर दहा मिनिटं गेली आणि पोरगं रडवेलं. आणि बार्ब नसलेला गळ बोटात गेला तर आल्या वाटेने सरळ बाहेर येतो. बार्ब असलेला येत नाही, मग अर्जंट केअर आणि त्याचं बिल.

मग दांडीवर आधी नुसता दोरा गुंडाळायचा, नेढ्यापासून वाकापर्यंत, शेजारी शेजारी वेढे, मध्ये उघडा लोखंड दिसता कामा नये. हे मुलं हमखास गाळतात, कारण शेवटी ते दिसतच नाही. पण हा दोऱ्याचा थर नसेल तर वरचं शेनील दांडीभोवती गोल फिरतं, बांगडी फिरते तसं, आणि दोन माशांत फ्लाय सुटते. मग वाकापाशी शेनीलचा एक छोटासा फास ठेवून बांधायचं, वाटाण्याएवढा, ती अळीची शेपटी. तिथून पुढे शेनील गुंडाळत यायचं आणि नेढ्याच्या आधी गाठीपुरती जागा सोडून थांबायचं. इथे थांबणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे हो! मुलं काय मोठी माणसंही पार नेढ्यापर्यंत नेतात, मग गाठ मारायला जागा नाही, मग गाठ नेढ्यावर चढते, मग ग्लू नेढ्यात जातो, आणि मग ते आजोबा.

गाठीसाठी व्हिप फिनिशर नावाचं तारेचं हत्यार मिळतं, पण मुलाला ते जमत नसेल तर जुन्या बॉलपेनची रिकामी नळी घ्या, तिच्यावर दोऱ्याचा एक फास घ्यायचा, नळीचं तोंड नेढ्यावर टेकवायचं आणि फास सरकवून खेचायचा. अशा तीन-चार. आणि एक सांगू का, सासूबाईंना गजरा वळता येतो का विचारा, साताऱ्याच्या आहेत म्हणजे येत असणारच. गजऱ्यात बोटावर फास घेऊन देठांवर सरकवतात आणि ओढतात ना, जवळपास तीच गाठ आहे ही. त्यांना व्हाइससमोर बसवा, नातवाने शेनील गुंडाळायचं आणि आजीने गाठ मारायची. नंतर त्याला शिकवतीलच त्या. माश्या मारतोय असं म्हणायची सोय राहणार नाही कारण मग दोघंही मारत असतील.

गाठीवर एक थेंब साधं पारदर्शक नेलपॉलिश, ब्रशने नाही, टूथपिकच्या टोकाने. आणि लगेच, ओलं असतानाच, नेढ्यातून सुई किंवा दुसरी टूथपिक फिरवायची. हा नियम करून टाका. यूव्ही लाइटवाला रेझिन मागवू नका, दिसायला भारी असतो, मुलांच्या डोळ्यांचं आणि कातडीचं काम नको. जड करायला शिशाची तार गुंडाळतात काही जण, तीही नको, घरात लहान मूल आहे आणि तेच हात चकलीला लागतात. वजन हवं तर पितळी मणी येतात, पण तुम्हाला गरज नाही, विकत घेणारा लाइनला स्वतः छोटं वजन लावतो.

पिसांचं म्हणाल तर तुमचं कसंतरी होणं बाजूला ठेवा, खिशातल्या पिसांचा प्रश्न कायद्याचा आहे. १९१८ सालचा मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्ट आहे इथे, त्यात कॅनडा गूज, ब्लू जे, कार्डिनल, कावळे सगळे येतात, त्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा उचलून घरी ठेवता येत नाही, विकणं तर सोडाच. पोराला कुणी तुरुंगात टाकणार नाहीये, पण शाळेच्या टेबलावर ती पिसं लावलेली फ्लाय नको. गपचूप तलावाकाठी परत ठेवायला लावा. आणि कुणाच्या डोक्यात येईल की इंडियातून येताना बॅगेत मोरपिसं आणूया, मोरपिसाच्या फ्लाय खरंच बांधतात, तर तेही नको, भारतातून मोरपिसं बाहेर न्यायला बंदी आहे. पुढेमागे त्याला पिसं हवीच असतील तर दुकानातली कोंबडीची, टर्कीची घ्या. गंमत म्हणजे इथल्या दुकानात स्वस्तातली कोंबड्याच्या मानेची पिसं इंडियन नेक म्हणून मिळायची वर्षानुवर्षं, आपल्याकडचेच कोंबडे.

मुलगा हट्ट करेल की एकच प्रकार बोअर होतो. होणारच. चाळीस झाल्या की त्याला बक्षीस म्हणून मॉप फ्लाय करू द्या. नॉर्थ कॅरोलिनाकडून आलेली आयडिया, फरशी पुसायच्या मायक्रोफायबर मॉपला त्या जाड जाड बोटांसारख्या झुपक्या असतात ना, त्यातली एक कापायची आणि गळाला बांधायची, झाली फ्लाय. जुने फ्लायवाले नाकं मुरडतात हिला, ही काय फ्लाय आहे का म्हणून, आणि मग गुपचूप डब्यात दोन ठेवतात. वुली बगर मात्र या वर्षी नको. तीही आपल्याच राज्यातली, १९६७ साली रसेल ब्लेसिंग यांनी बांधलेली, मासे जबरदस्त येतात, पण तिला शेपटीचं पीस, अंगाचं शेनील आणि वरून पिसाचे वेढे अशी तीन कामं आहेत आणि मुलांची शेपटी हमखास दुप्पट लांब होते. पुढच्या वर्षी.

आता पैशाचं. शेनीलच्या एका कार्डवर साधारण ३ यार्ड असतं, म्हणजे १०८ इंच, एका फ्लायला अडीच इंच लागलं तर ४० एक होतात, म्हणजे दोन कार्डं पुरे. गळ २५ च्या पाकिटापेक्षा १०० चं घ्या, स्वस्त पडतं आणि वाया जाणार ते जातातच. सगळं धरून एका फ्लायला ३०-४० सेंटच्या वर जाऊ नये. दुकानात अशी फ्लाय दोन-अडीच डॉलरला असते. तुम्ही सुटी विकू नका, तीन-तीनची पाकिटं करा, ५ डॉलरला एक. २० पाकिटं, १०० डॉलर, खर्च वजा जाता ७५-८० शाळेला. हो, नवरा बरोबर बोलतोय, वडापावमध्ये जास्त सुटतील, हे मी नाकारत नाही. पण वडापाव तुम्ही तळणार, तुम्ही विकणार आणि पोरगं मोबाइल बघत बसणार. नवऱ्याला हौस असेल तर त्याने शाळेच्या खाण्याच्या नियमांचे फॉर्म भरावेत आणि स्वतः तळावेत.

मार्चचा मध्य ही वेळ मात्र तुमच्या पथ्यावर पडलीय. आपल्या राज्यात ट्राउटचा सीझन एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी ८ ला उघडतो, दोन-तीन आठवडे आधी सगळे बाबालोक सामान चाचपत असतात, आणि १६ च्या खालच्या मुलांना लायसन लागत नाही त्यामुळे मुलांना घेऊन जाणारे बरेच असतात. अशा माणसाला तीन फ्लाय आणि सोबत कार्डावर मुलाच्या अक्षरात दोन ओळी, "तळाजवळून वाहू द्या, वर एक छोटं वजन लावा", एवढं पुरतं, तो घेतोच. कार्ड टाइप करून प्रिंट काढू नका प्लीज, त्याचं वेडंवाकडं अक्षरच विकतं.

पाकिटं म्हणजे पाकिटं नकोत खरं तर, प्लॅस्टिकच्या पिशवीतून गळ बाहेर येतो. चटणीच्या छोट्या झाकणाच्या डब्या मिळतात ना टेकआउटवाल्या, त्यात तळाला फोमचा तुकडा आणि त्यात टोचलेल्या तीन फ्लाय. झाकण टेपने बंद. शाळेच्या ऑफिसला आधी ईमेल टाका की टेबलावर गळ असतील, काही शाळा टोकदार वस्तू आणू देत नाहीत, आणि डबी मोठ्या माणसाच्याच हातात द्यायची, मुलाने डॉलर पुढे केला तरी नाही. ऑफिसने अजिबात नाही म्हटलं तर दुसरा रस्ता आहे, गळाचा वाक कटरने आधीच कापून टाकायचा, नुसत्या दांडीवर बांधायचं आणि मागे चुंबक चिकटवून फ्रिज मॅग्नेट म्हणून विकायचं. खरं तर ऑफिस हो म्हणालं तरी दहा असे करा. मासेमारी न करणाऱ्या आया आणि आज्या तेच घेतात. कापताना चष्मा, आणि हे काम तुम्ही किंवा नवऱ्याने करायचं, तुटलेलं टोक उडतं.

अजून एक कटकटीची गोष्ट, सांगावी की नाही विचार करत होतो, पण सांगतो. फ्लाय बनवून विकणाऱ्याला इथे १० टक्के फेडरल एक्साइज टॅक्स लागतो, एखादा घरी बसून बांधणारा असला तरी. वाईट कामाला जात नाही तो पैसा, १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याखाली राज्यांना माशांच्या कामासाठी परत मिळतो. तुमच्या १०० डॉलरच्या टेबलामागे कुणी येणार नाही असं लोक सांगतील, पण तुम्ही पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) ट्रेझररला आधीच विचारून ठेवा आणि त्यांनाच ठरवू द्या, ते त्यांचं काम आहे.

फंडरेझरच्या दिवशी व्हाइस टेबलाला लावा आणि मुलाला तिथेच बांधत बसवा. एक फ्लाय तीन-चार मिनिटांत होताना दिसली की माणसं थांबतात, आणि एकदा थांबलेला माणूस ५ डॉलर काढतोच. त्याला प्रश्न विचारतील, उत्तरं त्यालाच देऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका, मला माहितीये तुम्हाला राहवणार नाही. जमलं तर त्याआधी एका रविवारी त्याला कार्लाइलला लेटॉर्ट ओढ्याच्या काठावर फिरवून आणा, तुमच्यापासून अर्धा तासही नाही. पाणी बघून तुम्हाला वाटेल ह्यात काय मोठंसं, पण तिथे व्हिन्सेंट मरिनारो आणि चार्ली फॉक्स ही माणसं पोटावर पडून तासन्‌तास बघत बसायची की मासा नक्की कुठला किडा खातोय, आणि मग घरी येऊन तसला बांधायची. तुमचा पोरगा रिकामटेकडा वाटत असेल तर हे दोघं बघा.

डब्यात भरायच्या आधी प्रत्येक फ्लाय तुम्ही स्वतः तपासा. नेढ्यातून लाइनचा तुकडा घालून बघायचा, आणि शेनील नखाने फिरवून बघायचं. फिरलं की बाद. रडला तरी बाद, उलट ब्लेडने सगळं कापून गळ त्याला परत द्या, गळ वाया जात नाही. ६० च्या ४८ उरल्या तर १६ डब्या करा.

आणि आपल्या घरात सगळे अनवाणी फिरतात हे लक्षात ठेवा! टेबलाखाली जुनी पांढरी चादर अंथरा, बैठकीआधी गळ मोजून द्यायचे आणि संपल्यावर मोजून घ्यायचे, एक कमी आला की कुणीही पाय हलवायचा नाही, फ्रिजवरचं मोठं चुंबक दोरीला बांधून कार्पेटवरून फिरवायचं. आमच्याकडे एकदा मोजायचं राहिलं आणि तो गळ तीन दिवसांनी मलाच सापडला, टाचेत.